हिवाळा, लवकर बुडणारा दिवस आणि मनाची मरगळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्याच आठवड्यात मला मेसेज यायला लागतात. "ताई, आठ दिवस झाले, उठावंसंच वाटत नाही." "सगळं ठीक चाललंय, तरी संध्याकाळी रडू येतं." मी स्कॉटलंडमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, डॉक्टर नाही. लिहिणारे बहुतेक जण शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन इकडे आलेले मराठी लोक असतात, कुणी एडिनबरात, कुणी स्टॉकहोममध्ये, कुणी म्युनिकला, कुणी टोरंटोत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जगणंच नकोसं वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १९ वाचा.

१. हिवाळ्यात उदास वाटतं, हा खरंच आजार आहे का?

थोडी सुस्ती, थोडी जास्त झोप हे इकडे बहुतेक सगळ्यांना होतं. त्याला आजार म्हणायचं कारण नाही. पण काही जणांचं दर हिवाळ्यात कामच अडतं. सकाळी उठवत नाही, डोकं चालत नाही, माणसं नकोशी होतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये हे सगळं आपसूक निवळतं. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेनथाल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं आणि त्याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' असं नाव दिलं. आता डॉक्टर त्याला वेगळा आजार न मानता नैराश्याचाच ऋतूनुसार येणारा प्रकार मानतात. म्हणजे नैराश्य जितकं खरं, तितकंच हेही खरं, आणि त्यावर उपचार आहेत.

२. हे थंडीमुळे होतं की अंधारामुळे?

मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे. २१ डिसेंबरला मुंबईत दिवस जवळपास ११ तासांचा असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो ८ तासांपेक्षा कमी, एडिनबरात ७ तास, स्टॉकहोममध्ये ६ तासांच्या आसपास. मुंबईच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दिवसात साधारण सव्वादोन तासांचा फरक आहे, एडिनबरात साडेदहा तासांहून जास्त. आपलं शरीर अशा फरकात कधी वाढलेलंच नसतं.

थंडीचा वाटा आडून येतो. गार वारा आणि भुरभुर पावसाने आपण घरात बसतो, आणि होता तो उजेडही हातचा जातो. म्हणून महागडं जॅकेट, चांगले बूट आणि कानटोपी यांवरचा खर्च मी मनाच्या औषधपाण्यातच धरते.

३. उजेड कमी झाल्याने शरीरात नेमकं काय बिघडतं?

डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम वस्तू दाखवण्याचं नाही, तर बाहेर किती उजेड आहे हे मेंदूला कळवण्याचं आहे. त्या स्वतःच उजेड टिपतात, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्यांचा निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो आणि ते घड्याळ मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक कधी सोडायचं, झोप कधी, जाग कधी हे ठरवतं. सकाळचा लख्ख उजेड या घड्याळाला रोज वेळेवर आणतो. पावणेनऊपर्यंत उजाडतच नसेल तर घड्याळ मागे पडतं. तुमचा गजर सातला वाजतो, पण शरीराच्या लेखी अजून रात्रच असते. जेट लॅगसारखी ही अवस्था मग महिनोन्‌महिने चालते.

दुसरा धागा सेरोटोनिनचा, म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेल्या मेंदूतल्या एका रसायनाचा. मेंदूतलं त्याचं काम ऋतूप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे बदलतं असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कुणात घड्याळाचा भाग मोठा असतो, कुणात सेरोटोनिनचा. म्हणूनच एकाच घरात एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला अंथरूण सोडवत नाही.

४. पुण्यात असताना मला असं कधीच झालं नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. खुद्द रोझेनथाल जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेले. न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपली उमेद जाते आणि वसंतात परत येते हे त्यांना स्वतःवरूनच कळलं. उत्तरेकडे जावं तसं प्रमाण वाढतं असं अमेरिकेतल्या १९९० च्या एका गाजलेल्या पाहणीत दिसलं होतं: फ्लोरिडात १.४ टक्के, तर न्यू हॅम्पशरमध्ये ९.७ टक्के. (या आकड्यांना आव्हानही मिळालं आहे, ते प्रश्न २० मध्ये.) बायकांमध्ये हे पुरुषांच्या तीन-चार पट आढळतं आणि सुरुवात बहुधा तरुण वयात होते. आपले लोक परदेशी येतात तेही नेमके त्याच वयात.

पण पहिल्याच हिवाळ्यात सगळं उजेडावर ढकलू नका. दिवाळी एकट्याने खोलीत काढणं, परीक्षा, व्हिसाची टांगती तलवार, डोक्यावरचं कर्ज, नवं लग्न, यांचाही भार असतो. दुसरा हिवाळा आला, परिस्थिती बऱ्यापैकी स्थिरावली आणि तरी नोव्हेंबरात तेच झालं, तर ऋतूवर संशय घ्यायला जागा आहे.

५. नुसता आळस की आजार, हे ओळखायचं कसं?

नेहमीच्या नैराश्यात पुष्कळदा झोप उडते आणि जेवण जात नाही. इथे बहुधा उलट होतं. दहा-दहा तास झोपूनही ताजंतवानं वाटत नाही, भूक वाढते, वजन वाढतं, हातपाय शिसं भरल्यासारखे जड होतात. फोन उचलावासा वाटत नाही. आवडीच्या गोष्टीही ओझं होतात.

मला आलेल्या एका मेसेजमध्ये एका मुलीने लिहिलं होतं की सिंकमध्ये एक कुकर आणि दोन वाट्या पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत ती अर्धा तास उभी होती. एरवी पंधरा माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी ही मुलगी. तिला घरच्यांनी आळशी म्हटलं होतं. असं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, कामावर किंवा अभ्यासावर परिणाम झाला, की डॉक्टरकडे जाच. सलग दोन वर्षं ठरावीक काळात येऊन वसंतात जात असेल तर डॉक्टर त्याला ऋतूशी जोडतात.

आणि रक्त तपासून घ्या. थायरॉइड मंदावणं, हिमोग्लोबिन कमी होणं आणि बी-१२ ची कमतरता या तिन्हींत असाच थकवा येतो. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आपल्या घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे आणि इकडच्या डॉक्टरला ते आपणहून सुचेलच असं नाही. "मी शाकाहारी आहे, बी-१२ बघा" असं स्पष्ट सांगा.

६. एकच उपाय करायचा तर कोणता?

दिवसाच्या उजेडात बाहेर पडा, शक्यतो सकाळी, आभाळ भरलेलं असलं तरी.

"बाहेर ऊन कुठे असतं?" असं लगेच विचारलं जातं. डिसेंबरातल्या एका मळभलेल्या दुपारी मी फोनवरच्या लक्समीटरने (लक्स हे उजेड मोजायचं एकक) माझ्याच घरात मोजून पाहिलं. सगळे दिवे लावून ओट्यापाशी आकडा २०० च्या आत. खिडकीला अगदी चिकटून हजारावर. दार उघडून बाहेरच्या पायरीवर उभी राहिले तर तीन हजारांच्या आसपास. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण मेंदूतल्या घड्याळाला जाणवतो. 'उदास' वाटणारं ते करडं आभाळसुद्धा तुमच्या दिवाणखान्यापेक्षा पंधरा पट उजळ असतं.

आठला निघून पाचला परत येणाऱ्यांना हे जमवणं कठीण आहे, ते मला माहीत आहे. त्यांनी बसमधून एक थांबा आधी उतरावं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून वीस मिनिटं चालावं. त्या वेळेत कुणी मीटिंग टाकू नये म्हणून कॅलेंडरवर ती वेळ अडवून ठेवावी. घरून काम करणाऱ्यांनी टेबल खिडकीला लावावं आणि पडदे पूर्ण सरकवावेत. बर्फावरून डोळे दिपत नसतील तर गॉगल नको. चालण्याने व्यायामही होतो आणि त्याचा नैराश्यावरचा फायदा वेगळा मिळतो.

७. लाइट बॉक्स घ्यावा का? वापरायचा कसा?

लाइट बॉक्स म्हणजे उजेडाच्या उपचारासाठी समोर ठेवायचा खूप प्रखर दिवा. त्रास प्रश्न ५ मध्ये लिहिलं तसा असेल आणि प्रश्न ८ मधलं काही तुम्हाला लागू नसेल, तर जरूर घ्या. यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालेला उपाय हाच आहे.

प्रमाण असं: १०,००० लक्स, रोज ३० मिनिटं, उठल्यापासून तासाभरात. दिवा थोडा बाजूला, डोळ्यांच्या किंचित वर ठेवा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून समोर चहा पीत वाचायचं, डबा भरायचा, ईमेल बघायच्या. फरक बहुधा एक-दोन आठवड्यांत कळतो. चार दिवस लावून "काही होत नाही" म्हणून कपाटात टाकलेले दिवे मी बरेच पाहिले आहेत. ज्यांना दरवर्षी त्रास होतो त्यांनी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे तब्येत खालावण्याआधीच, सुरू करावं.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. अतिनील किरण गाळलेले आहेत असं लिहिलेलं हवं. आणि १०,००० लक्स 'किती अंतरावर' ते वाचा. छोटे, दिसायला देखणे दिवे कधी कधी तो आकडा १५ सेंटीमीटरवर देतात. इतकं नाक लावून कुणी बसत नाही. दिवा जितका दूर, तितका उजेड झपाट्याने कमी होतो.

सुरुवातीला डोकं दुखणं, डोळ्यांवर ताण, थोडी चिडचिड होऊ शकते. मग वेळ कमी करा किंवा दिवा जरा लांब ठेवा. संध्याकाळी लावू नका, रात्रीची झोप जाईल. पहाटेसारखा हळूहळू उजळणारा गजराचा दिवा उठायला मदत करतो, पण त्याचा उजेड बराच कमी असतो, त्यामुळे मोठ्या त्रासात त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

८. लाइट बॉक्स कुणी वापरू नये?

ज्यांना बायपोलर आजार आहे, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच नाही. तीव्र उजेडाने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं: झोप लागत नाही, विचार पळत सुटतात, खर्च आवरत नाही. अशांसाठी काही डॉक्टर सकाळऐवजी दुपारची वेळ सुचवतात, पण तो निर्णय त्यांचा.

डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि तो पडदा बिघडवतो, तेव्हा मधुमेहींनीही विचारून घ्यावं. काही औषधांमुळे प्रकाशाचा त्रास वाढतो, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीही त्यातलीच. ती युरोपात 'नैसर्गिक' म्हणून सहज मिळते, पण नैराश्याच्या इतर गोळ्यांबरोबर धोकादायक ठरू शकते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते.

९. व्हिटॅमिन डी घेतलं की पुरे ना?

व्हिटॅमिन डी जरूर घ्या, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते पुरेसं तयार होत नाही, म्हणून तिथली आरोग्यसेवा सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यायला सांगते. सावळ्या कातडीला जास्त ऊन लागतं, त्यामुळे आपण ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असा सल्ला आहे. त्याने हिवाळ्यातलं नैराश्य बरं होतं याला मात्र भक्कम पुरावा नाही.

आणखी एक गोंधळ: लाइट बॉक्समधून आणि बंद काचेतून येणाऱ्या उन्हातून व्हिटॅमिन डी मिळत नाही, पण मनाला लागणारा उजेड दोन्हींतून मिळतो. ही दोन वेगळी कामं आहेत. भारतातून येताना आणलेली ६०,००० युनिटची पाकिटं आठवेल तेव्हा, रक्त न तपासता घेऊ नका. अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

१०. सारखं गोड आणि भात-बटाटा खावासा वाटतो. मनावर ताबाच नाही का माझा?

हे या त्रासाचं लक्षणच आहे, तेव्हा स्वतःला टोचून बोलू नका. उपाशी राहण्यापेक्षा सकाळच्या न्याहारीत अंडी, मोड आलेली कडधान्यं, दही असं काही घ्या. त्याने संध्याकाळची झुंबड थोडी कमी होते. उजेडाचे उपाय लागू पडले की ही ओढही बहुधा ओसरते. दारूचं मात्र जपा. संध्याकाळ चारला सुरू होते तेव्हा पहिला ग्लासही लवकर भरला जातो, आणि दारूने झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडतात.

११. चारला अंधार पडतो आणि झोप येते. झोपलं तर चालेल का?

तिन्हीसांजेला झोपू नये असं आपल्या घरांत सांगतात, ते इथे पाळाच. साडेचारला दोन तास झोपलात तर रात्री एकपर्यंत जाग राहते, सकाळ हातची जाते आणि तिच्याबरोबर उजेडही. फारच डोळे मिटत असतील तर दुपारी तीनच्या आत, गजर लावून २० मिनिटं.

त्याऐवजी त्या तासाला काहीतरी ठरलेलं ठेवा. दिवे लावणं, फोडणीला टाकणं, जिम, कुणाला तरी फोन. भारतात तेव्हा रात्रीचे दहा वाजत आलेले असतात आणि आई झोपायच्या तयारीत असते, त्यामुळे तिला दुपारीच फोन करून टाका. संध्याकाळ जवळच्या माणसासाठी ठेवा, तीही आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटीसाठी.

१२. गोळ्या घ्याव्या लागतात का? की नुसतं बोलून बरं होतं?

दोन्ही मार्ग आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात केली रोहन यांनी या त्रासासाठी खास बेतलेली विचार-वर्तन उपचारपद्धती (बोलण्यातून विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) लाइट बॉक्सशी ताडून पाहिली. त्याच हिवाळ्यात दोन्हींचा फायदा सारखाच दिसला. दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात मात्र दिवा वापरलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना पुन्हा नैराश्य आलं, तर थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना. मला यात नवल वाटत नाही. दिवा रोज लावावा लागतो आणि माणसं कंटाळतात. "हिवाळा आला, आता सगळं संपलं" हा विचार ओळखायला शिकलं की ते शिकणं पुढच्या वर्षीही कामी येतं.

औषधांत नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्या वापरतात. ब्युप्रोपियॉनच्या एका प्रकाराला हिवाळी नैराश्य टाळण्यासाठी २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळी कोणती, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. भारतातून कुणाच्या तरी हाती मागवून, किंवा मैत्रिणीला लागू पडली म्हणून, स्वतःच सुरू करू नका. सुरू असलेली एकदम बंदही करू नका.

१३. आई-बाबा हिवाळ्यात आलेत आणि दोघंही कोमेजलेत. काय करू?

बाळंतपणासाठी आलेल्या आईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी सगळे कामाला गेलेले. बाहेरून आतलं दिसू नये म्हणून पडदे ओढलेले. सोफ्यावर शाल पांघरून फोनवर मालिका. बर्फावर घसरेन या भीतीने चार-चार दिवस दाराबाहेर पाऊल नाही. भाषा येत नाही, शेजारीण नाही, देऊळ नाही. अशात कुणीही कोमेजेल.

पडदे उघडा आणि त्यांची खुर्ची खिडकीशी सरकवा. घसरत नाहीत असे बूट आणि गरज वाटल्यास काठी आणून द्या, आणि रोज ११ ते १ च्या दरम्यान कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर न्या. बसचा पास काढून द्या, वाचनालय दाखवा. त्यांच्या रोजच्या गोळ्यांत खंड पडलेला नाही ना, हेही बघा. वयस्कर माणूस एकाएकी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर ती हिवाळ्याची मरगळ समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

१४. बाळ तीन महिन्यांचं आहे, डिसेंबर आहे, सारखं रडू येतं. हिवाळ्यामुळेच ना?

तसं धरून चालू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य कुठल्याही ऋतूत येतं आणि वसंताची वाट बघत बसण्यासारखं ते नसतं. तुमच्या मिडवाइफला, हेल्थ व्हिजिटरला किंवा डॉक्टरला या आठवड्यातच सांगा. बाळाला गाडीत घालून उजेडात फिरणं दोघांनाही चांगलंच, पण ते उपचाराच्या जोडीला.

१५. नवरा म्हणतो, हे मनाचे खेळ आहेत, कामात राहा. त्याला कसं समजावू?

तो उठतो ठणठणीत, म्हणून त्याला ते दिसत नाही. वाद घालण्यापेक्षा त्याला प्रश्न ३ वाचायला द्या आणि एक ठोस काम सांगा: "दोन आठवडे रोज सकाळी माझ्याबरोबर वीस मिनिटं चल." आजार पटला नाही तरी चालायला माणसं तयार होतात. आणि त्यांना बदल दिसला की पटतंही.

सासरी-माहेरी सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही. एका विश्वासाच्या माणसाला मात्र ऑक्टोबरातच सांगून ठेवा की मी फोन उचलेनाशी झाले तर सोडून देऊ नकोस, घरी ये.

१६. 'ब्लू मंडे' हा वर्षातला सर्वांत उदास दिवस असतो का?

नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारची ही टूम २००५ मध्ये एका ब्रिटिश ट्रॅव्हल चॅनेलच्या जाहिरातीसाठी निघाली. तिच्या सूत्राला शास्त्रीय आधार नाही.

१७. नॉर्वेत तर दोन-दोन महिने सूर्य उगवत नाही. तिथले लोक कसे राहतात?

ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि लोक त्यातच स्की घेऊन बाहेर पडतात. हिवाळा कधी येतो याची आनंदाने वाट बघणारे लोक तिथे पुष्कळ भेटतात, आणि अशा दृष्टीचा समाधानाशी संबंध असल्याचं तिथल्या एका अभ्यासात आढळलं. आइसलँडमध्ये तर हा त्रास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी निघाला, म्हणजे आनुवंशिकतेचाही हात असावा.

मला सगळ्यात आवडते ती र्‍यूकान गावाची गोष्ट. खोल दरीतल्या या नॉर्वेजियन गावात सप्टेंबर ते मार्च ऊन पोचत नाही. तिथल्या कारखान्याच्या कंपनीने १९२८ मध्ये रोप-वे बांधला, कशासाठी, तर लोकांना वर उन्हात जाता यावं म्हणून. २०१३ मध्ये डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन मोठे आरसे बसवले आणि गावातल्या चौकात कवडसा पाडला. लोक खुर्च्या घेऊन त्यात बसतात. उजेडाची गरज गावाने मिळून मान्य केली आणि त्यावर पैसे खर्च केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण मात्र तीच गरज एकट्याने लपवत बसतो.

१८. मी पुण्यातच आहे. मलाही डिसेंबरात किंवा भर पावसाळ्यात उदास वाटतं. हेच असेल का?

डिसेंबरात पुण्यात ११ तासांचा दिवस आणि स्वच्छ ऊन असतं, तेव्हा नुसत्या ऋतूमुळे होण्याची शक्यता कमी. पण अमेरिकेच्या वेळेवर रात्रपाळी करून दिवसभर जाड पडद्यांआड झोपत असाल तर तुम्हाला हेलसिंकीइतकाच उजेड मिळत असेल. तिथे दोष पाळीचा आहे. उठल्या उठल्या अर्धा तास गच्चीवर जा, आणि जमेल तेव्हा पाळी बदलून मागा.

कोकणात आणि मुंबईत जुलैत दिवस १३ तासांचा असतो, आभाळ मात्र आठवडा-आठवडा उघडत नाही आणि पावसाने माणूस घरात अडकतो. दरवर्षी ठरावीक काळात काम अडत असेल तर महिने लिहून ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. नाव काहीही निघो, उपचार नैराश्याचाच होतो.

उलट उन्हाळ्यात होणारा एक कमी आढळणारा प्रकारही आहे. त्यात झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. त्यावर लाइट बॉक्स लावू नका. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्यांनी या पानावरचे महिने सहाने पुढे सरकवून वाचावेत.

१९. जगणंच नकोसं वाटतं. कुणाशी बोलू?

आत्ता, या क्षणी, जवळच्या कुणाला तरी सांगा आणि एकट्या राहू नका, एकटे राहू नका. भारतात टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मराठीतही बोलता येतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्स या संस्थेची हेल्पलाइन: ११६ १२३. अमेरिका आणि कॅनडात: ९८८. जिवाला लगेच धोका असेल तर युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११. व्हिसावर परिणाम होईल या भीतीने फोन टाळू नका. ऐकणाऱ्या माणसाला तुमचा व्हिसा नको असतो.

घरच्यांसाठी: असा धोका फक्त ऐन हिवाळ्यात असतो असं नाही. अनेक देशांत आत्महत्यांचं प्रमाण वसंतात वाढतं. तेव्हा दिवस मोठे झाले म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

२०. काही संशोधक म्हणतात की असं काही नसतंच. मग?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३४,२९४ लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला. त्यात नैराश्याच्या लक्षणांचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी संबंध दिसला नाही. जुन्या पाहण्यांत "तुम्हाला हिवाळ्यात कसं वाटतं?" असं आठवून सांगायला लावत, त्याने आकडे फुगले असावेत, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण सगळ्या लोकसंख्येच्या सरासरीत न दिसणारी गोष्ट थोड्या माणसांत ठळक असू शकते. तुम्ही त्या थोड्यांत आहात का, हे तुमची दोन-तीन वर्षांची नोंदच सांगेल. रोज रात्री झोप किती, मन कसं, बाहेर किती वेळ, एवढंच वहीत लिहा.

२१. डिसेंबरात तीन आठवडे नागपूरला जाऊन आले, एकदम बरी होते. परत आल्यावर आणखी वाईट झालं. का?

हा प्रश्न जानेवारीत सगळ्यात जास्त येतो. उन्हाचा फायदा साठवून ठेवता येत नाही. तो आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि आईच्या हातचं जेवण, भरलेलं घर हेही एकदम सुटतं. दोन्ही धक्के एकत्र बसतात.

परतल्यावर पहिले काही दिवस भारताच्या घड्याळामुळे पहाटेच जाग येते. ती संधी सोडू नका. रोज थोडं पुढे सरकवत सातवर आणून उठण्याची वेळ तिथेच धरून ठेवा, आणि लाइट बॉक्स पहिल्या सकाळपासून. सुट्टी निवडण्याची मोकळीक असेल तर जानेवारीच्या शेवटी जा. परत याल तेव्हा इकडे संध्याकाळी साडेपाचपर्यंत उजेड असेल. सामान उघडायच्या आधी, येत्या शनिवारी कुणाकडे जायचं ते ठरवून ठेवा.

२२. मार्च आला की आपोआप बरं वाटतं. मग उपचार कशाला, आणि सुरू केलेले थांबवायचे कधी?

नोव्हेंबर ते मार्च म्हणजे पाच महिने. दरवर्षी पाच महिने असेच घालवायचे म्हटलं तर त्यात एखादं पदवीचं वर्ष जातं, एखादी बढती जाते, मुलांच्या लहानपणातले कितीतरी दिवस जातात. म्हणून उपचार.

लाइट बॉक्स एप्रिलपर्यंत चालू ठेवा आणि सकाळी बाहेर पुरेसा उजेड मिळायला लागला की मिनिटं कमी करत थांबवा. गोळ्या डॉक्टरच्या सांगण्यानेच कमी करा. वसंतात झोप फारच कमी होऊनही अंगात वीज संचारल्यासारखं वाटायला लागलं, एकाच वेळी दहा कामं काढलीत, तर दिवा लगेच बंद करून डॉक्टरला फोन करा (कारण प्रश्न ८ मध्ये आहे). दिवा ठेवून देण्याआधी फोनच्या कॅलेंडरमध्ये २० सप्टेंबरला दोन नोंदी करा: एक दिवा बाहेर काढण्याची आणि एक डॉक्टरची वेळ घेण्याची, कारण ऑक्टोबरात त्यांच्याकडे लवकर नंबर लागत नाही.